स्वस्त हत्यारांची पारख

घरात कामाचे छोटे टेबल मांडायचे ठरवलेल्या वाचकांकडून तेच तीन प्रश्न फिरून फिरून येतात. दीडशे रुपयांची पक्कड आणि साडेचारशेची पक्कड यांत खरोखर फरक असतो, की आपण नावाचे पैसे मोजतो? शंभर नगांचा संच डब्यासकट स्वस्तात मिळतो आहे, तो घ्यावा का? आणि दांडीवर 'क्रोम व्हॅनेडियम' असे कोरलेले असले म्हणजे माल चांगला असे धरून चालावे का?

तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर लागू पडते. हत्यार कामाला जिथे भिडते, तेवढी जागा नीट पाहा. पकडीचा जबडा, पान्याचे तोंड, स्क्रू ड्रायव्हरचे टोक, पटाशीची धार. चकाकी, रंगीत मूठ, डबा आणि कोरलेली अक्षरे यांचा विचार त्यानंतर करा.

स्वस्त हत्यार वाईटच असते असे अजिबात नाही. अडचण अशी की स्वस्त मालात एकाच खोक्यातले दोन नग सारखे निघत नाहीत. चांगल्या कंपनीच्या किमतीत कारखान्यातल्या तपासणीचा खर्च धरलेला असतो. स्वस्त मालाची तपासणी तुम्हाला करावी लागते. ती करायची तयारी असेल, तरच तिथे पैसे वाचतात.

खिशात काय न्याल?

- एम ६ आणि एम ८ मापाचे एकेक नवे बोल्ट. त्यांची षटकोनी डोकी अनुक्रमे १० आणि १३ मिलिमीटरची असतात.
- फुलीच्या खाचेचा, ८ नंबरचा एक लाकडी स्क्रू.
- वहीचा कोरा कागद आणि टोक काढलेली पेन्सिल.
- ३० सेंटिमीटरची स्टीलची पट्टी.

मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, किंवा तुमच्या गावातले जुने हार्डवेअरचे दुकान, यांपैकी कुठेही जा, पण दुपारच्या निवांत वेळी जा. सकाळी ठेकेदारांची घाई असते आणि 'जरा चार नग काढून दाखवा' असे म्हणायला आपल्यालाच संकोच वाटतो. नग हातात घेऊन पाहू न देणाऱ्या दुकानातून स्वस्त हत्यार घेऊ नका. तिथे घ्यायचेच झाले, तर नावाजलेल्या कंपनीचे घ्या.

ऑनलाइन खरेदीत हाताळणी शक्य नसते. त्यामुळे माल परत घेण्याची मुदत आधी वाचा, खोके उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि खालच्या सगळ्या चाचण्या त्या मुदतीत उरका. 'बघू सावकाश' म्हणून माळ्यावर टाकलेले हत्यार मुदत संपल्यावर खराब निघाले, तर ते परत करणे अवघड होऊन बसते.

पक्कड

घरात सर्वांत जास्त हाताळली जाणारी आणि स्वस्तात सर्वांत जास्त फसवणारी वस्तू म्हणजे पक्कड. म्हणून तिला वेळ द्या.

पक्कड हलकेच मिटा आणि उजेडाकडे धरा. आधी टोके भिडली पाहिजेत. टोकांमध्ये फट राहून मागचा भाग आधी भिडत असेल, तर बारीक तार किंवा खिळा त्या टोकांत कधीच नीट धरला जाणार नाही. मग कटरची कड पाहा. ती मिटल्यावर आरपार उजेड दिसता कामा नये. वहीचा कागद कटरमध्ये धरून कापा. कडेच्या पूर्ण लांबीत तो स्वच्छ तुटला पाहिजे. एका बाजूला तुटला आणि दुसऱ्या बाजूला नुसता दुमडला, तर दोन्ही कडा समोरासमोर बसलेल्या नाहीत. अशी पक्कड वायरची तांब्याची तार तोडत नाही, चेपून ठेवते.

आता सांधा. दोन्ही मुठी धरून जबडे एकमेकांवरून आडवे हलवून पाहा. जरासुद्धा खेळ जाणवला तर नग बाजूला ठेवा, कारण नव्यात जेवढे ढिले असते ते वापरून वाढतच जाते. मात्र कडक सांध्याला भिऊ नका. नवी पक्कड थोडी आवळ चालते. तेलाचे दोन थेंब टाकून पन्नासएक वेळा उघडझाप केली की ती मोकळी होते. उघडझाप करताना एका ठरावीक जागी अडकत असेल, तर मात्र सांध्याचे घासकाम ओबडधोबड आहे.

मुठीवरच्या जाड प्लॅस्टिकबद्दल मोठा गैरसमज आहे. प्लॅस्टिकची मूठ म्हणजे विजेपासून संरक्षण नव्हे. खरोखर विजेच्या कामासाठी बनवलेल्या हत्यारावर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्टचा उल्लेख असतो. आयईसी ६०९०० या आंतरराष्ट्रीय मानकानुसार अशा प्रत्येक नगाची कारखान्यात विजेचा दाब देऊन चाचणी व्हावी लागते. दीडशे रुपयांच्या पकडीवर हे छापलेले दिसले, तर त्यावर जीव टांगू नका. आणि पक्कड कोणतीही असो, घरच्या कामाला हात घालण्याआधी मेन स्विच बंद करायचाच.

स्क्रू ड्रायव्हर

खिशातला स्क्रू काढा, ड्रायव्हरचे टोक खाचेत बसवा आणि दोन्ही आडवे धरा. टोक चुंबकीय नसतानाही स्क्रू क्षणभर तरी लटकून राहिला पाहिजे. लगेच गळून पडला तर टोकाची घडण सैल आहे. असा ड्रायव्हर जोर लावला की खाचेतून वर निसटतो आणि स्क्रूचे डोके खाऊन टाकतो. पुढे तो स्क्रू काढणे हे वेगळेच काम होऊन बसते.

फुलीच्या टोकाचे दोन मुख्य प्रकार आहेत, फिलिप्स आणि पोझीड्रिव्ह. पोझीड्रिव्ह स्क्रूच्या डोक्यावर मोठ्या फुलीच्या मधोमध चार बारीक तिरक्या रेघा दिसतात. एकाचे टोक दुसऱ्यात बसल्यासारखे वाटते, पण जोराला टिकत नाही. आपल्याकडच्या घरगुती कामाला फिलिप्सचे २ नंबरचे टोक बहुतेक ठिकाणी पुरते, बारीक कामाला १ नंबर. ड्रायव्हर घेताना नंबर विचारून घ्या, नुसती लांबी सांगू नका.

सपाट टोकाच्या ड्रायव्हरमध्ये टोकाची कड सरळ आणि कोपरे शाबूत आहेत का ते पाहा. मूठ एका हाताने आवळून दांडी पिळून पाहा. दांडी मुठीत जराही फिरली, तर तो ड्रायव्हर नको.

पाने

एम ६ च्या बोल्टवर १० चा पाना चढवा, एम ८ वर १३ चा. पाना अलगद बसावा आणि मागेपुढे हलवला तर अगदी थोडाच हलावा. ठळक हलत असेल, तर तो बोल्टचे कोपरे गोल करणार. अजिबात चढत नसेल, तर बहुधा तोंडात प्लेटिंगचा थर किंवा धातूची बारीक कंगोरी (बर) राहिलेली असते. तो नग बदलून घ्या.

ॲडजस्टेबल पाना स्वस्तात घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचा सरकता जबडा पूर्ण उघडून वरखाली हलवून पाहा, म्हणजे कारण हातालाच कळेल. स्वस्त पान्यात तो जबडा तिरपा होतो, दोन्ही तोंडे समांतर राहत नाहीत आणि जोर लावताना पाना सटकून बोटांची सालपटे निघतात. त्याच पैशात ८, १०, १३ आणि १७ चे चार साधे दुतोंडी किंवा रिंग पाने घ्या. सायकल, नळ आणि फर्निचरची बरीचशी कामे त्यात होतात.

हातोडी

इथे प्रश्न नुसता सोयीचा नाही, डोळ्यांचा आहे. ओतीव बिडाचे डोके असलेली हातोडी घेऊच नका. घावाने तिचा टवका उडू शकतो. घडीव पोलादाचे डोके पाहा. बिडाच्या ओतकामात बहुधा पृष्ठभाग खरबरीत आणि बारीक छिद्रांचा असतो, साच्याची जाड रेघ दिसते, आणि हे लपवायला वरून जाडजूड रंग मारलेला असतो. हातोडीचे तोंड पूर्ण सपाट नसते, ते किंचित फुगीर असावे आणि त्याची कड मारलेली असावी. टोकदार कडेचा टवका लवकर उडतो.

लाकडी दांड्याच्या रेषा पाहा. त्या दांड्याच्या लांबीला धरून, शेवटपर्यंत सरळ गेल्या पाहिजेत. मध्येच तिरक्या बाहेर पडणाऱ्या रेषा जिथे असतील, तिथेच दांडा चिरतो. वरून पाचर नीट बसली आहे का हे पाहून दांडा झटका. डोके हलले तर नग परत. हातोडीवर हातोडी मारून 'आवाज' तपासण्याची सवय काही जणांना असते. ती सोडा, कारण टणकावर टणक आपटले की टवके उडतात.

मोजमापाची हत्यारे

टेपचे टोकाचे हूक ढिले आहे म्हणून कितीतरी जण टेप परत करतात. ते हूक मुद्दामच ढिले असते. बाहेरून अडकवून मोजताना ते पुढे सरकते, आतून टेकवून मोजताना मागे जाते, आणि हुकाच्या पत्र्याची जाडी हिशेबातून वजा होते. पाहायचे ते एवढेच, की हूक त्या जाडीइतकेच सरकते का. पट्टीवर रोमन अंकात अचूकतेचा वर्ग छापलेला असतो. दुसऱ्या वर्गाच्या टेपला ५ मीटर लांबीत १.३ मिलिमीटरपर्यंत फरक माफ असतो, तिसऱ्या वर्गाला २.६ मिलिमीटरपर्यंत. घरच्या सुतारकामाला दुसरा वर्ग मागा. आणि एका कामात शेवटपर्यंत एकच टेप वापरा.

गुण्याची परीक्षा तर दुकानातच, फुकटात होते, तरी ती क्वचितच कोणी करते. कागद काउंटरवर ठेवा. स्टीलची पट्टी कागदाच्या खालच्या बाजूला घट्ट दाबून धरा. गुण्याचा दांडा पट्टीला टेकवा आणि पात्याच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढा. आता पट्टी न हलवता गुण्या उलटा करा, दांडा पुन्हा पट्टीलाच टेकवा, पाते त्याच रेघेच्या खालच्या टोकाशी आणा आणि दुसरी रेघ ओढा. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा काटकोनात आहे. वर जाता जाता त्या फाकल्या, तर जेवढी फट दिसते त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. १५ सेंटिमीटरच्या पात्यावर १ मिलिमीटर फट म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची चूक. कपाटाच्या दोन फुटी फळीवर तीच चूक दोन मिलिमीटरची होते आणि दार नीट मिटत नाही. पाच गुण्यांत एखादा चोख निघतो आणि तो महागड्या गुण्याइतकेच अचूक काम देतो. पारख करणाऱ्याला स्वस्त मालात असा खरा फायदा होतो.

लेव्हलचेही तेच तत्त्व. एका जागी ठेवून बुडबुडा कुठे थांबतो ते पाहा, मग तीच लेव्हल टोके बदलून त्याच जागी ठेवा. बुडबुडा दोन्ही वेळी नळीत डाव्या-उजव्या हाताला सारख्याच ठिकाणी थांबला पाहिजे. काउंटर तिरका असला तरी चालतो.

धारेची हत्यारे: पटाशी, करवत, कानस

धारेच्या हत्याराचा जीव त्याला दिलेल्या पाण्यात असतो. पोलाद तापवून विझवायचे आणि पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करायचा, ही प्रक्रिया नीट झाली नसेल तर धार एक तर मुडपते नाही तर तुटते. हे दुकानात डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पटाशी घेतल्यावर पहिल्याच दिवशी धार लावून बाभळीच्या किंवा जुन्या सागाच्या तुकड्यावर वीसएक घाव घाला आणि धार उजेडात धरा.

- धार एका बाजूला वळली असेल तर पोलाद मऊ आहे.
- बारीक दाते पडल्यासारखे टवके उडाले असतील तर ते ठिसूळ आहे.
- दोन्ही नसेल तर पटाशी ठेवा, किंमत काहीही असो.

दुकानात पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे पटाशीची सपाट बाजू, म्हणजे पाठ. स्टीलची पट्टी तिच्यावर उभी धरून उजेड पाहा. धारेजवळच्या बोटभर भागात खोलगट किंवा फुगीर नसावी. थोडा फरक काचेवर वॉटरपेपर चिकटवून, घासून काढता येतो. स्वस्त पटाशी घेणाऱ्याने हे काम धरूनच चालावे. ग्राइंडरवर धार लावताना टोक निळे पडले तर तेवढ्या भागाचे पाणी उतरले असे समजा. तो भाग घासून काढेपर्यंत धार टिकणार नाही. म्हणून सतत पाण्यात बुडवत धार लावा.

करवतीचे पाते थोडे वाकवून सोडा. ते पूर्ण सरळ व्हायला हवे. दात्यांची टोके काळसर-निळी असतील तर ती विजेने तापवून कडक केलेली असतात. अशी करवत बरेच दिवस कापते, पण बोथट झाल्यावर तिला कानस लागत नाही. वर्षातून चारदा वापरणाऱ्याला ती ठीक आहे. तीनधारी कानशीने स्वतः दाते लावायची आवड असेल, तर साध्या पात्याची मागा.

कानस मात्र नावाची घ्या, कारण तिच्या किमतीत फार फरक नसतो आणि मऊ कानशीने काहीच होत नाही. चांगल्या कानशीचा कोपरा काचेच्या बाटलीवर ओरखडा काढतो. आणि मुठीशिवाय कानस कधीच वापरू नका. तिचे निमुळते शेपूट तळव्यात घुसते.

नाव, शिक्के आणि नक्कल

नाशिकची तपारिया किंवा रत्नागिरी-चिपळूणला कारखाने असलेली जेके फाइल्स ही नावे गावोगाव माहीत आहेत, म्हणून नक्कलही अशाच नावांची होते. स्पेलिंगमधले एखादे अक्षर बदललेले असते, किंवा नाव पोलादात दाबून उठवलेले नसून नुसते छापलेले असते. शेजारी अस्सल नग ठेवून पाहिला की फरक चटकन कळतो. जालंधर आणि राजस्थानातल्या नागौरहून येणारा, फारसे नाव नसलेला मालही पुष्कळ असतो आणि त्यात उत्तम वस्तू सापडतात. फक्त त्यावर वरच्या चाचण्या न चुकता करा.

'क्रोम व्हॅनेडियम' हे मिश्र पोलादाचे नाव आहे. ते कोरायला कोणाला परवाना लागत नाही, आणि पोलाद खरे असले तरी पाणी चुकीचे दिले असेल तर उपयोग नाही. वरची चकाकी तर नुसते प्लेटिंग असते.

खोक्यावर 'आयएस ८४१' (पोलादी हातोड्या) किंवा 'आयएस ८४४' (स्क्रू ड्रायव्हर) असा नुसता मानक क्रमांक छापलेला असणे वेगळे आणि आयएसआय चिन्ह त्याच्या परवाना क्रमांकासह असणे वेगळे. चिन्ह असेल तर भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर तो परवाना क्रमांक टाका. परवाना कोणाच्या नावावर आणि कोणत्या वस्तूसाठी आहे ते तिथे दिसते.

शंभर नगांचा संच

घेऊ नका. त्यातल्या बहुतेक वस्तूंना तुमचा हातही लागणार नाही, आणि ज्या दहा-बारा लागतील त्या निवडून घेण्याची संधी तुम्ही गमावता. एक पक्कड, दोन फुलीचे आणि एक सपाट ड्रायव्हर, हातोडी, चार पाने, टेप, गुण्या, करवत, एक पटाशी आणि मूठ लावलेली कानस, एवढ्यावर सुरुवात करा. पुढचे हत्यार काम अडेल तेव्हा.

पैसे जपायचेच असतील तर गुण्या, साधे पाने, शिकंजे यांत जपा, कारण तिथे तपासून चोख नग मिळतो. हातोडी, विजेच्या कामाची हत्यारे, ॲडजस्टेबल पाना आणि काम करताना डोळे वाचवणारा चष्मा यांत मात्र काटकसर करू नका.

जुना बाजार आणि लोहार

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात जुनी, चांगल्या पोलादाची हत्यारे नव्या स्वस्त हत्यारांच्या भावात मिळतात. गंज पाहून मागे फिरू नका, वरवरचा गंज निघतो. खोल खड्डे, तडे, वेल्डिंगचे डाग आणि घाव बसून छत्रीसारखी फाकलेली छिन्नीची डोकी यांपासून लांब राहा. फाकलेल्या कडेचा तुकडा गोळीसारखा उडतो.

गावात अजून भट्टी पेटवणारा लोहार असेल, तर पटाशी त्याच्याकडून घ्या. ट्रकच्या कमानीच्या पाट्याचे पोलाद आणि जाणत्या हाताने दिलेले पाणी, यांची बरोबरी दुकानातला स्वस्त माल करत नाही. शिवाय मऊ किंवा ठिसूळ निघाली तर तो समोर बसून पुन्हा पाणी देतो.

बिल आणि तुमचे हक्क

- बिल मागा. त्यावर कंपनी, माप आणि नगांची संख्या लिहून घ्या. नुसते 'हार्डवेअर सामान' लिहिलेले बिल तक्रारीत लंगडे पडते. बिल द्यायला नकार देणे हीदेखील २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.
- 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीला घाबरू नका. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याने ती ३० दिवसांची आहे. मात्र हे सदोष मालाला लागू आहे, मन बदलले म्हणून नव्हे, आणि पान्याला पाइप लावून वाकवला असेल तर तो दोष तुमचा.
- पाकीटबंद मालावर उत्पादकाचे वा आयातदाराचे नाव-पत्ता, सर्व करांसह कमाल किंमत, महिना-वर्ष आणि ग्राहक सेवेचा संपर्क छापलेला असावा लागतो. आयात मालावर मूळ देशही हवा. हे काहीच नसलेले पाकीट घेऊ नका.
- ऑनलाइन विक्रीत तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिनाभरात निकाल द्यायचा असतो.
- दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे.

तक्रारीसोबत बिल, पाकिटाचे फोटो आणि दोष स्पष्ट दिसेल असा जवळून काढलेला फोटो जोडा. मोडलेले हत्यार दुकानदाराने मागितले तर ते देण्याआधी फोटो काढा आणि परत दिल्याची पोच लिहून घ्या.